तंजावरचे ऊन आणि हौदाचे पाणी

३ एप्रिल १८२६. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर त्रिचनापल्लीच्या किल्ल्यातील तमिळ ख्रिस्ती मंडळींचा धर्मविधी आटोपून मुक्कामाच्या बंगल्यावर परतले. उन्हाळ्याचे दिवस होते आणि प्रवासाचा शीण होता. बंगल्याच्या आवारात स्नानासाठी बांधलेला खोल हौद होता, त्यात ते उतरले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून सेवकाने आत जाऊन पाहिले तेव्हा त्यांचा देह पाण्याखाली होता. वय अवघे ४२. तापलेल्या, थकलेल्या शरीराला एकाएकी थंड पाणी लागले आणि त्याने घात केला, असे त्या काळी बहुतेकांना वाटले.

याच्या आधीचा आठवडा हेबर यांनी तेथून सुमारे ५५ किलोमीटरवर तंजावरात घालवला होता. २६ मार्चचा ईस्टरचा रविवार त्यांनी तेथे साजरा केला आणि त्यानंतर तंजावरचे महाराज दुसरे सरफोजी राजे भोसले यांची भेट घेतली. या भेटीचा ठसा त्यांच्या पत्रांत उमटला आहे. हा राजा फुरक्रॉय, लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, याचे त्यांना विलक्षण अप्रूप वाटले होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले होते. उरलेले आयुष्य त्यांनी ग्रंथ, औषधी, मुद्रण आणि उपकरणे यांत घातले. राजवाड्यातील त्यांच्या संग्रहात हवा काढून घेणारा पंप होता, घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र होते, हस्तिदंती सांगाडा होता, खगोलाची उपकरणे होती. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकातून त्यांनी पृथ्वीचा भूगोल रंगभूमीवर आणला. सरस्वती महाल ग्रंथालय तर आजही उभे आहे.

आजच्या विषयाशी या दोघांचा संबंध एका साध्या प्रश्नापुरता आहे: तंजावरसारख्या उष्ण गावात पोहण्याच्या हौदाचे पाणी थंड असते का? असल्यास किती? आणि ते उन्हाने तापवायचे झाले तर काय लागते? घरच्या घरी काळ्या नळ्यांची चटई गच्चीवर पसरून तरणतलाव तापवण्याची पद्धत आता जगभर रुळलेली आहे. तिच्यामागची भौतिकी मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

प्रथम थंडीचे पाहू. कावेरीच्या खोऱ्यात खोल विहिरीच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. ते हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, म्हणजे सुमारे २८ अंश सेल्सियस राहते. सावलीतल्या, भिंती उंच असलेल्या हौदात ते आणखी एखाद-दोन अंशांनी उतरेल. आज आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धांसाठी पाण्याचे तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असावे असा नियम आहे. म्हणजे त्रिचनापल्लीचा हौद आजच्या मोजमापाने थंडगार म्हणता येणार नाही. थंड पाण्याच्या धक्क्याने श्वास आणि हृदयाचे ठोके बिघडतात हे खरे, पण ती प्रतिक्रिया तीव्र होते ती सुमारे १५ अंशांच्या खाली. पाणी थंड लागले असेल ते बाहेरच्या ३६-३७ अंशांच्या हवेच्या मानाने. हेबर यांच्या मृत्यूचे कारण पाण्याच्या तापमानात शोधण्यापेक्षा त्यांच्या थकव्यात आणि प्रकृतीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरावे.

हे सांगायचे कारण असे, की पाणी ‘थंड’ की ‘गरम’ याचा निवाडा आपली त्वचा फार वाईट करते. सरफोजी ज्यांचे दाखले देत असत त्या लाव्हाझिए यांनी लाप्लास यांच्यासह १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाचा उष्णतामापी वापरून, किती बर्फ वितळला यावरून उष्णता मोजून दाखवली होती. त्याच्याही आधी स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी सुप्त उष्णतेची कल्पना मांडली होती. हौदाच्या पाण्याचे सारे गणित या दोन गोष्टींत सामावलेले आहे.

हे गणित प्रत्यक्ष करून पाहण्यासारखे आहे. एका घरगुती तलावाची लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली सव्वा मीटर धरू. पाणी झाले ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. ते १ अंशाने तापवायला सुमारे ४६ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४६ युनिट उष्णता लागते. मध्यमवर्गीय घराची कित्येक दिवसांची वीज झाली ही, आणि मिळाला एक अंश!

आता सूर्याकडे वळू. तंजावर १०.८ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला सरासरी सुमारे ५ युनिट सौर ऊर्जा पडते. आपल्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर; म्हणजे १६० युनिट. त्यातला तीन-चतुर्थांश भाग जरी पाण्याने शोषला, तरी १२० युनिट झाले. एवढ्यावर पाणी रोज अडीच अंशांनी तापायला हवे. पंधरा दिवसांत ते अंगाला चटका देऊ लागेल! तसे होत नाही, हा आपला रोजचा अनुभव. मग ही उष्णता जाते कोठे?

उत्तर ब्लॅक यांच्या सुप्त उष्णतेत आहे. उघड्या तलावातून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी बाष्पीभवनाने उडाले असे धरा. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी हा आकडा सहज गाठला जातो. ३२ चौरस मीटरवरून ते १६० लिटर होते. प्रत्येक लिटर वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जाते. गुणाकार केला की १०९ युनिट. दिवसभरात सूर्याने दिलेले जवळजवळ सगळे पाण्याने हवेला परत केले. उरलेसुरले रात्री आकाशाकडे प्रारणाने जाते. म्हणून तरणतलाव तापवण्याचे पहिले यंत्र नळी नव्हे, आच्छादन होय. रात्री पाण्यावर तरंगणारे एक साधे प्लास्टिकचे पांघरूण कित्येकदा गच्चीवरच्या साऱ्या खटाटोपापेक्षा अधिक काम करते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने तलाव गार होतो. माठ झिरपायचा थांबवला की तो गार करायचाही थांबतो.

सूर्याने पाणी तापवणे ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. तान्ह्या बाळाच्या न्हाणीसाठी घंगाळभर पाणी अंगणात उन्हात ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. त्याच घरात मोठ्यांसाठी तांब्याचा बंब पेटे, आणि त्याला लाकूडफाटा लागे. या दोन भांड्यांतला फरक बारकाईने पाहिला तर पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास त्यात दिसतो. कोमट पाणी घंगाळात फुकट मिळते. कढत पाण्यासाठी काही तरी जाळावे लागते किंवा सूर्यकिरण कोंडून, एकवटून आणावे लागतात.

किरण कोंडण्याचा पहिला व्यवस्थित प्रयोग १७६७ मध्ये जिनिव्हाचे होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी केला. काचेची एकात एक झाकणे असलेल्या पेटीत त्यांनी पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वरचे तापमान गाठले. काच प्रकाश आत येऊ देते, आतली उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. सौर चुलीची आणि गच्चीवरच्या सौर बंबाची ही आजी म्हणावी.

किरण एकवटण्याचा एक मोठा प्रयोग मात्र आपल्या मुंबईत झाला. तो मराठी वाचकांना अधिक ठाऊक असायला हवा. विल्यम ॲडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होते; व्यवसायाने अभियंता नव्हेत. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कोळसा बहुतांशी विलायतेहून जहाजाने येई आणि महाग पडे. ज्या देशात ऊन असे ओसंडून वाहते तेथे दुसऱ्या गोलार्धातून कोळसा का आणायचा, हा त्यांचा प्रश्न होता. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या वक्र परावर्तकाने वाफेचे इंजिन चालवले होते. ॲडम्स यांनी ते वाचले, आणि दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. असा वक्र परावर्तक फार खर्चिक, आणि चांदी लवकर काळवंडते. त्याऐवजी बाजारात मिळणारे साधे सपाट आरसे चौकटीत शेजारी-शेजारी असे बसवायचे, की सगळ्यांचे कवडसे एकाच जागी पडतील. ही युक्ती साधी आणि स्वस्त होती. एक आरसा फुटला तर तेवढाच बदलावा.

मध्य कुलाब्यात त्यांनी ही आरशांची चौकट उभी केली. मध्ये बाष्पित्र स्थिर, आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार मार्गावर आरशांची रांग. सूर्य जसजसा सरके तसतसा एक माणूस ती चौकट ढकलत नेई. या उन्हाने चालणारे अडीच अश्वशक्तीचे इंजिन पाणी उपसू लागले. ते पाहायला त्यांनी मुंबईकरांना बोलावले. याच सुमारास त्यांनी सौर चूलही केली. आठ बाजूंनी आरसे लावलेला शंकू, मध्ये तांब्याचे भांडे आणि त्यावर काचेचे आवरण. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात, सात सैनिकांचा शिधा तिच्यावर दोन तासांत शिजला. १८७८ मध्ये ‘सोलर हीट: अ सब्स्टिट्यूट फॉर फ्युएल इन ट्रॉपिकल कंट्रीज’ हे त्यांचे पुस्तक मुंबईतच प्रसिद्ध झाले. सपाट आरशांची ही मांडणी आजच्या सौर मनोऱ्यांच्या वीजकेंद्रांत मूलतः तशीच आहे. आरसे हजारो असतात आणि ढकलणाऱ्या माणसाच्या जागी संगणक असतो, एवढाच फरक. २००९ मध्ये शिर्डीच्या साई संस्थानाने प्रसादालयासाठी ७३ परावर्तक तबकड्यांची वाफयंत्रणा बसवली, तेव्हा किरण एकवटून वाफ करण्याची हीच कल्पना १३० वर्षांनी अहमदनगर जिल्ह्यात पोचली.

पण ॲडम्स यांच्या मार्गात एक खोच आहे. इंजिनाला वाफ लागते, वाफेला १०० अंशांच्या वरचे तापमान लागते, आणि तापमान जितके वर न्यावे तितकी उष्णता आजूबाजूला जास्त गळते. म्हणून आरसे, म्हणून सूर्यामागे फिरणे, म्हणून ढकलणारा माणूस. स्वतंत्र भारतातही पहिले लक्ष उच्च तापमानाकडेच गेले. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आरशाची सौर चूल तयार केली. ती गाजली खूप, स्वयंपाकघरांत रुजली नाही. उन्हाने शिजवणे, उन्हाने पंप चालवणे, उन्हाने वीज करणे ही कामे मानाची. नुसते पाणी कोमट करणे हे बाळाच्या घंगाळाचे काम समजले गेले.

ते काम अमेरिकेत मात्र धंदा झाले. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर बंबाचे एकस्व घेतले. काळ्या रंगाच्या टाक्या, लाकडी पेटी, वर काच. दिवसा पाणी छान तापे, पण टाकी आणि शोषक एकच असल्याने रात्री ते निवून जाई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली यांनी शोषक आणि टाकी वेगळी केली. टाकी उंचावर, उष्णतारोधक वेष्टणात. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली येते, हे तत्त्व त्यांनी वापरले. आज आपल्या गच्च्यांवर दिसणारा सौर बंब हा त्याचाच वंशज आहे. १९४० आणि १९५० च्या दशकांत हॉयट हॉटेल, ऑस्टिन व्हिलियर आणि इतरांनी अशा सपाट शोषकाचे गणित पक्के केले.

या गणितात एक अनपेक्षित निष्कर्ष दडलेला आहे. शोषकाची कार्यक्षमता दोन गोष्टींनी ठरते. पडलेल्या उन्हातले किती शोषले गेले, आणि शोषलेल्यातले किती गळाले. गळती शोषकाचे पाणी भोवतालच्या हवेहून किती अंश गरम आहे त्यावर अवलंबून असते. काच लावली की गळती घटते. पण काच स्वतः ऊन परत फेकते आणि शोषते, म्हणून मिळकतही घटते. ठोकळ आकड्यांत सांगायचे, तर पाणी हवेपेक्षा ३० अंशांनी गरम हवे असेल तेव्हा काचेचा शोषक पडलेल्या उन्हातील निम्म्याच्या आसपास उष्णता पदरात पाडतो आणि उघडी काळी नळी जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. पण पाणी हवेपेक्षा दोन-तीन अंशांनीच गरम हवे असेल, तर पारडे उलटते. उघडी नळी ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि महागडी काच मागे पडते.

तरणतलावाला नेमके हेच दोन-तीन अंश हवे असतात. म्हणून तरणतलाव हे सौर उष्णतेचे सर्वांत सोपे काम आहे, आणि या कामात सर्वांत साधी वस्तूच सर्वांत चांगली ठरते. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमन फोर्ड यांनी फाफ्को ही कंपनी स्थापन करून बिनकाचेच्या प्लास्टिक शोषकांचे उत्पादन सुरू केले, ते या तत्त्वावर. तांबे नको, कारण तलावातले क्लोरीन त्याला खाते. काच नको, पेटी नको. काजळी मिसळलेल्या, म्हणून उन्हात लवकर न विरणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या शेजारी-शेजारी जोडलेल्या. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत पाणी तापवणाऱ्या सौर शोषकांचा फार मोठा भाग आजही तरणतलावांसाठीचा, बिनकाचेचाच आहे.

तंजावरच्या एखाद्या घरमालकाने हे स्वतः उभारायचे ठरवले तर काय करावे लागेल? तलावाच्या निम्म्या क्षेत्राइतका शोषक हा सर्वसाधारण आरंभ मानतात. आपल्या उदाहरणात १६ चौरस मीटर. त्यातून चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे ५० युनिट उष्णता, म्हणजे दिवसाला साधारण एक अंश मिळेल. २० मिलिमीटर जाडीची काळी एचडीपीई नळी शेजारी-शेजारी लावली तर ८०० मीटर लागेल. येथेच पुष्कळजण फसतात. ८०० मीटरचे एकच वेटोळे केले तर पंपाला ते घर्षण झेपत नाही. म्हणून नळीचे अनेक छोटे तुकडे दोन जाड नळांच्या मध्ये समांतर बसवतात. पाणी खालच्या एका कोपऱ्यातून शिरते आणि वरच्या तिरप्या कोपऱ्यातून बाहेर पडते, म्हणजे प्रत्येक तुकड्याला सारखा प्रवाह मिळतो.

दुसरी गोष्ट मनाला पटायला वेळ लागते. परतणाऱ्या नळाला हात लावून पाणी ‘नुसतेच कोमट’ लागले, की उभारणाऱ्याला वाटते प्रवाह कमी करावा, म्हणजे पाणी चांगले तापेल. प्रवाह कमी केला की परतणारे पाणी खरोखरच गरम लागते, पण तलावाला पोचणारी एकूण उष्णता घटते. कारण नळी जितकी तापते तितकी ती हवेत गळते. कोमट पाणी भराभर परतणे हेच यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण. हॉटेल आणि व्हिलियर यांचे समीकरण ज्याने पाहिले आहे त्याला हे एका ओळीत कळते. इतरांनी तापमापी आणि घड्याळ घेऊन पाहावे. लाव्हाझिएंचा धडा पुन्हा तोच आहे: त्वचेवर विसंबू नये.

बाकीचे सुटे भाग थोडे आहेत. गाळणीनंतर पाणी गच्चीकडे वळवणारी तिहेरी झडप, आणि गच्ची तलावापेक्षा तीन-चार अंशांनी तापली असेल तेव्हाच ती उघडणारा नियंत्रक. क्लोरीन घालण्याचे यंत्र परतीच्या नळावर, शोषकाच्या पुढे. सर्वांत वर हवा आत घेणारी झडप. ही लहानशी वस्तू विसरली, तर पंप बंद होताच पाणी खाली ओढले जाते, नळ्यांत निर्वात पोकळी होते आणि तापलेल्या मऊ नळ्या पिचतात. हवेचे हे बळ दाखवणारा पंप सरफोजींच्या संग्रहात होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

शोषकाचा कल किती ठेवावा? तंजावरात एप्रिल आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो; २१ डिसेंबरला तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५६ अंशांवर असतो. उष्णता हवी ती डिसेंबर-जानेवारीत, म्हणून दक्षिणेकडे सुमारे २५ अंशांचा उतार योग्य. तिरपी चौकट मात्र घट्ट आवळलेली हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि तंजावर जिल्ह्यातील नारळाच्या बागा त्याने आडव्या केल्या. गच्चीवरची सैल चौकट अशा वाऱ्यात शिडासारखी उडेल. नळ्या मात्र आवळू नयेत; उन्हात प्लास्टिक बरेच लांबते, त्याला सरकायला जागा ठेवावी.

ईशान्य मोसमी पावसाची अडचणही आहे. तमिळनाडूच्या या भागात मोठा पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे उष्णता हवीशी वाटू लागते नेमकी तेव्हाच ऊन ढगाआड. अशा दिवसांत गच्चीवरच्या नळ्या काहीच करत नाहीत, आणि जे काही करते ते रात्रीचे आच्छादन. म्हणूनच पैसे मोजकेच असतील तर आधी पांघरूण घ्यावे, मग नळ्या.

हा सारा खटाटोप तरणतलाव असणाऱ्या मूठभरांसाठी, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि पाणीटंचाईच्या गावात ४०,००० लिटरचा खासगी तलाव असावा का हा प्रश्नही रास्त आहे. (उडून जाणारे १६० लिटर रोज भरून काढावे लागतात, हेही विसरू नये, आच्छादन तेही वाचवते.) पण ज्या वसतिगृहाला, रुग्णालयाला, दुग्धशाळेला, कापड रंगवणाऱ्या कारखान्याला कोमट किंवा गरम पाणी लागते त्यांचेही गणित याच जातीचे आहे. किती अंश हवे ते आधी ठरवा, मग साधन निवडा. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर सौर उष्णता-शोषकांचे उद्दिष्ट होते. गेल्या काही वर्षांत चर्चा जवळजवळ पूर्णपणे विजेकडे वळली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत १ कोटी घरांच्या छपरांवर विजेची पटले बसवायची आहेत. विजेचे पटल उन्हातील सुमारे पाचवा हिस्सा विजेत बदलते. त्या विजेवर साधा हीटर लावून पाणी कोमट करणे म्हणजे निवडून-पाखडून आणलेला आंबेमोहोर गुरांना घालणे होय. त्याच विजेवर उष्णता-पंप चालवला तर गोष्ट बदलते. तो एका युनिट विजेत हवेतली चार-पाच युनिट उष्णता पाण्यात ओततो, आणि मग काळ्या नळीशी त्याची जवळजवळ बरोबरी होते. शिवाय पावसाळी दिवशीही तो चालतो. खर्च आणि दुरुस्तीच्या बाजूने मात्र नळी पुढेच राहील, कारण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

तंजावरच्या मुख्य मंदिराला लागून शिवगंगा नावाचा जुना तलाव आहे. नायक राजांच्या काळी सेवप्पनायकन एरीत पावसाचे पाणी साठवून, गाळ बसवून, निवळलेले पाणी शिवगंगेत आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी राजवाड्यापर्यंत व गावातील विहिरींपर्यंत नेलेले होते. मराठा राजांनाही हीच व्यवस्था उपयोगी पडली. शिवगंगेच्या काठावरच श्वार्ट्झ यांचे चर्च आहे. हे श्वार्ट्झ सरफोजींचे गुरू. शिष्याने त्यांचे संगमरवरी शिल्प लंडनच्या जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेऊन तेथे बसवले.

या परिसरात मे महिन्यात दुपारचे तापमान ३६-३७ अंशांना जाते. उघड्या उथळ तलावाचे पाणी तेव्हा ३० अंशांच्याही वर चढते. पोहून उत्साह येण्याऐवजी ग्लानी येते. अशा वेळी नियंत्रक उलटा लावतात. दिवसभर नळ्या बंद ठेवायच्या आणि सूर्य मावळल्यावर तलावाचे पाणी त्यांतून खेळवायचे. काळा पृष्ठभाग जितका चांगला शोषक तितकाच चांगला उत्सर्जक असतो. रात्रीच्या आकाशाकडे तोंड करून तीच चटई उष्णता बाहेर टाकते. कावेरीच्या दमट हवेत हा परिणाम कोरड्या दख्खनइतका मोठा नसतो, आणि ढगाळ रात्री तो जवळजवळ नाहीसा होतो. निरभ्र रात्री आच्छादन काढून ठेवले तर बाष्पीभवनही मदतीला येते, आणि पहाटेपर्यंत पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने उतरते.